जिल्हा मोजायचा कसा?

बीड जिल्ह्याची लोकसंख्या किती, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असते : २५,८५,०४९. ही २०११ च्या जनगणनेतील संख्या आहे. केज तालुक्यातील नांदूरघाटच्या शाळेत असो की मुंबईच्या कचेरीत असो, सर्वत्र हाच आकडा सांगितला जातो. पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो वाचला की त्याला क्षणभर थांबावेसे वाटले पाहिजे. या संख्येत सात अंक आहेत. प्रयोगशाळेत तारेची लांबी मोजून तुम्ही सात सार्थ अंकांत उत्तर लिहिले, तर शिक्षक लगेच विचारतील, ‘एवढी अचूकता आणली कोठून? कोणत्या उपकरणाने मोजलेस? केव्हा मोजलेस?’

हेच प्रश्न जिल्ह्याच्या आकड्यांनाही विचारायचे असतात. माणसे मोजणे हेही एक मोजमापच आहे. त्याला उपकरण असते, एकक असते, वेळ असते आणि त्रुटीही असते. आज आपण बीड जिल्ह्याचे काही आकडे घेऊ आणि ते कसे वाचावेत ते पाहू.

जिल्ह्याची तोंडओळख

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, मधून बालाघाटाची डोंगररांग जाते आणि पाटोदा तालुक्यातील डोंगरांत मांजरा नदी उगम पावते. बाजरी, ज्वारी, तूर, कापूस आणि सोयाबीन ही येथली मुख्य पिके. जेथे पाणी आहे तेथे ऊस. बालाघाटाच्या उतारावरील सीताफळांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे. २०११ मध्ये जिल्ह्यातील दर १०० माणसांपैकी सुमारे २० शहरांत राहत होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात हे प्रमाण १०० ला ४५ होते. म्हणजे हा जिल्हा मुख्यतः खेड्यांचा आणि शेतीचा.

आता एक सोपे गणित करू. २५,८५,०४९ ला १०,६९३ ने भागा. उत्तर येते सुमारे २४२. दर चौरस किलोमीटरला २४२ माणसे, ही झाली लोकसंख्येची घनता. महाराष्ट्राची घनता तेव्हा ३६५ होती. मग जिल्ह्यात दाटी कमी असताना, वाट्याला जमीन जास्त येत असताना, येथून दर वर्षी एवढी माणसे कामासाठी बाहेर का जातात? घनतेचा आकडा या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्यासाठी पावसाकडे पाहावे लागेल.

पाऊस थोडा की वेळ थोडी?

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ढग घाट ओलांडून पूर्वेला उतरतात तेव्हा हवा खाली येता येता तापते, तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि पाऊस कमी होतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. बीड जिल्हा या छायेतच येतो. येथील पावसाची वार्षिक सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे.

हा पाऊस माणशी किती पडतो ते काढू. ६५० मिलिमीटर म्हणजे ०.६५ मीटर. जिल्ह्याचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहून त्याला ०.६५ ने गुणले, तर सुमारे ६९५ कोटी घनमीटर पाणी होते. ते २५,८५,०४९ माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २,७०० घनमीटर, म्हणजे रोज सात हजार लिटरांहून अधिक पाणी येते! ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे उत्तर ऐकून हसू येईल. पण भागाकारात चूक नाही. मग गफलत कोठे आहे?

गफलत अशी की सरासरीने काळ पुसून टाकला. हा पाऊस रोज सात हजार लिटर असा येत नाही. तो जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंतच्या थोड्या दिवसांत येतो. त्यातला बराचसा बाष्प होऊन उडतो, काही वाहून जातो, काही जमिनीत मुरतो. शिवाय एखाद्या वर्षी तो सरासरीच्या जवळही पोचत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तुमच्या आजी-आजोबांना विचारा. २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. खरिपाचे पीक निघाले, आणि जमिनीत ओल राहिली तर रब्बीची ज्वारी झाली, की पुढचे कित्येक महिने रानात काम नाही. नेमक्या याच वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. मग ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसे निघतात : कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, तसेच सीमेपलीकडे कर्नाटकात. उसाच्या फडाशेजारी कोपी घालून राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. लहान मुले आणि बैलही बहुधा बरोबर असतात.

मोजणी केव्हा झाली?

आता जनगणनेच्या उपकरणाकडे वळू. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि तिचा संदर्भक्षण होता १ मार्च २०११ च्या सुरुवातीचा, म्हणजे रात्री बारा वाजताचा. या क्षणी देशात किती माणसे होती, हे ठरवायचे होते. नियम असा होता : माणूस ९ ते २८ फेब्रुवारी या काळात काही दिवस तरी आपल्या नेहमीच्या घरी राहिला असेल, तर त्याला तेथे मोजावे. तो हा सगळा काळ बाहेरच असेल, तर त्याला घरी न मोजता तो जेथे असेल तेथे मोजावे.

नियम सुटसुटीत आहे. फेब्रुवारी महिनाही विचार करून निवडलेला आहे. हवा बरी असते, पावसाची अडचण नसते आणि बहुसंख्य लोक आपापल्या ठिकाणी स्थिर असतात. पण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या बाबतीत याच्या बरोबर उलटे आहे. फेब्रुवारीत हंगाम भरात असतो. त्या वेळी गावातील घराला कुलूप असते, किंवा दारात म्हातारी माणसे बसलेली असतात. नियमाप्रमाणे या कामगारांची मोजणी उसाच्या फडावर व्हायला हवी. प्रगणक शेताच्या कडेच्या कोपीपर्यंत पोचला, तर तो माणूस कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्याच्या लोकसंख्येत जातो. प्रगणक पोचला नाही, तर तो कोठेच मोजला जात नाही. आणि घरच्या माणसांनी ‘तोही येथलाच’ म्हणून सांगितले, तर तो दोनदा मोजला जाण्याचाही संभव असतो.

विहिरीचे उदाहरण घ्या. भाद्रपदात पाण्याची पातळी मोजली तर विहीर भरलेली दिसेल, वैशाखात मोजली तर तळ दिसेल. दोन्ही मोजमापे अचूक असू शकतात. पण त्यांतील एकच सांगून ‘ही या विहिरीची पातळी’ म्हटले, तर ते अपुरे होते. पातळीबरोबर महिनाही लिहावा लागतो.

जनगणनेत गळती किती होते, याचा अंदाजही शास्त्रीय रीतीने घेतला जातो. मोजणी संपल्यावर निवडक भागांत पुन्हा मोजणी करून दोन्ही नोंदी ताडून पाहतात. २०११ नंतरच्या अशा पाहणीत देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसे निव्वळ गळाली, असे दिसले. इतक्या प्रचंड देशात ही त्रुटी लहानच म्हणायची. तरीही हाच दर केवळ उदाहरणादाखल बीडला लावला, तर फरक ५९ हजारांच्या घरात जातो. म्हणजे २५,८५,०४९ मधील शेवटच्या अंकांवर फार भर देण्यात अर्थ नाही. ‘सुमारे २६ लाख’ हे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक होय.

एका गावाचा हिशेब

माणसे गेल्याने केवळ एकूण संख्या बदलते असे नाही. गावाचे सगळे स्वरूपच बदलते. नांदूरघाटच्या परिसरात असावे असे एक गाव मनात धरू. आकडे मात्र हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतलेले आहेत.

गावात ३,००० माणसे आहेत. त्यांपैकी ९०० मुले (१५ वर्षांखालील), १,८०० काम करण्याच्या वयाची (१५ ते ५९) आणि ३०० वृद्ध. काम करण्याच्या वयाच्या दर १०० माणसांमागे मुले आणि वृद्ध मिळून किती, हे काढू. याला अवलंबितांचे प्रमाण म्हणतात. मुले आणि वृद्ध मिळून १,२००. त्यांना १,८०० ने भागून १०० ने गुणले की सुमारे ६७ येतात.

दिवाळीनंतर ९०० माणसे ऊसतोडीला गेली. त्यांत ७२० काम करणारी आणि १८० मुले. गावात उरले कोण? ७२० मुले, १,०८० काम करण्याच्या वयाची आणि ३०० वृद्ध, एकूण २,१००. आता अवलंबितांचे प्रमाण काढा. १,०२० भागिले १,०८०, गुणिले १००, म्हणजे सुमारे ९४!

गाव तेच आणि माणसेही तीच. पण ऑक्टोबरच्या मोजणीत दर १०० जणांवर ६७ जणांचा भार दिसतो आणि फेब्रुवारीत ९४ जणांचा. जो कोणी केवळ फेब्रुवारीचा आकडा पाहील, तो म्हणेल की या गावात काम करणारे हातच थोडे आहेत. वास्तविक हात भरपूर आहेत. ते दुसऱ्या जिल्ह्यात ऊस तोडीत आहेत.

गावाची वर्षाची सरासरी काढायची असेल तर ‘माणूस-महिना’ हे एकक घ्यावे. ३,००० माणसे सहा महिने आणि २,१०० माणसे सहा महिने, म्हणजे ३०,६०० माणूस-महिने. त्याला १२ ने भागले की २,५५० येतात. पण गंमत अशी की गावात २,५५० माणसे वर्षातील कोणत्याच दिवशी नसतात!

एककाची गोष्ट

एककाचा विषय निघाला म्हणून ऊसतोडीतील एकक पाहू. तेथे मजूर ‘माणसां’त मोजत नाहीत, ‘कोयत्यां’त मोजतात. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम कोयत्यामागे उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि मग टनाच्या दराने ती कामातून फेडायची. ऊस दोघे तोडतात, मोळ्या दोघे बांधतात, पण हिशेब एका कोयत्याचा. तो बहुतेक नवऱ्याच्या नावावर लिहिला जातो. म्हणजे एकक असे निवडले गेले की त्यात बाईचे काम असूनही वेगळे दिसत नाही. मोजमापाचे एकक हे निर्जीव असते असे आपण समजतो. पण त्यात कोणाला झाकायचे आणि कोणाला दाखवायचे, हेही ठरून जाते.

जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाचेही असेच आहे. दरडोई उत्पन्न म्हणजे एक अपूर्णांक. अंशात जिल्ह्याचे वर्षाचे उत्पन्न, छेदात लोकसंख्या. आपल्याकडे जिल्ह्याचे उत्पन्न मोजताना सर्वसाधारणपणे ते जेथे निर्माण होते तेथे धरण्याची रीत आहे. बीडच्या माणसाने सांगलीत ऊस तोडला, तर त्या कामाचे मोल सांगली जिल्ह्याच्या उत्पन्नात जाते. मजुरी मात्र उचलीच्या रूपाने आधीच बीडमधील घरी आलेली असते आणि तेथे लग्नात, औषधात, घराच्या पत्र्यांत खर्च झालेली असते. म्हणजे श्रम एका जिल्ह्यातील माणसांचे, अंश दुसऱ्या जिल्ह्याचा! बीड जिल्हा गरीब आहे, हे या हिशेबाने खोटे ठरत नाही. पण तो निरुद्योगी आहे, असा अर्थ जर कोणी काढला तर तो चूक ठरतो.

आकड्यावर शंका घ्यायची, पण किती?

आता तुम्ही म्हणाल, मग सगळेच आकडे संशयास्पद आहेत. नाही! शंका घेण्याचेही शास्त्र असते. एक उदाहरण पाहू.

शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे किती मुली आहेत, हे जनगणना सांगते. बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये फक्त ८०७ राहिल्या. त्या वर्षी महाराष्ट्रातील हे सर्वांत खालचे प्रमाण होते. निसर्गतः मुलगे थोडे जास्त जन्मतात : १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे, म्हणजे १,००० मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. ९५२ मधून ८०७ वजा करा. हजारी १४५ मुली कमी.

हा योगायोग असेल का? नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छापा पडू शकतो. पण लाख वेळा उडवले तर सत्तर हजार वेळा छापा पडत नाही. संख्या जितकी मोठी, तितका योगायोगाचा वाटा लहान. या वयोगटातील जिल्ह्याची मुले तीन लाखांहून अधिक होती. तीन लाखच धरली, तरी ८०७ च्या प्रमाणाने सुमारे २४ हजार मुली कमी भरतात. योगायोगाने होणारा चढउतार फार तर काही शेकड्यांचा असतो. तेव्हा योगायोग बाद.

मग स्थलांतर? आईवडील फडावर जाताना मुलांना घेऊन जातात, हे खरे. पण अंगावर पिणारे मूल मुलगा असो वा मुलगी, आईच्या कडेवरच जाते. केवळ मुलीच एवढ्या मोठ्या संख्येने बाहेर गेल्या आणि मुलगे घरी राहिले, असे मानायला काही आधार नाही. म्हणून हा दोष मोजमापाचा नव्हे, आपला आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. कायदा असूनही २०११ चा आकडा असा आला. साक्षरतेचे आकडेही याच्या शेजारी ठेवा. सात वर्षांवरील पुरुषांपैकी ८५.५५ टक्के साक्षर, तर स्त्रियांपैकी ६७.८२ टक्के.

म्हणजे एकाच जनगणनेतील एक आकडा वाचताना ‘केव्हा मोजले?’ हे विचारून सावध व्हायचे, आणि दुसरा मात्र सगळ्या शंकांतून तावून सुलाखून निघतो, तेव्हा तो मान्य करायचा. गैरसोयीचा आकडा दिसला की मोजणीलाच दोष देणे, ही पळवाट झाली.

याने काय बिघडते?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली कोणत्या राज्यात किती लोकांना स्वस्त धान्य मिळणार, याची मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरली. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती कोविडच्या साथीमुळे लांबली. या मधल्या काळात जन्मलेली मुले शाळेत गेली, तरी हिशेब जुन्याच संख्येवर चालू राहिला. कोठे दवाखाना हवा, कोठे पाणीयोजना हवी, हे ठरवतानाही जनगणनेचेच आकडे समोर असतात. जो मोजला गेला नाही, त्याचा वाटा कोणी बाजूला काढून ठेवत नाही.

पुढील जनगणनेची अधिसूचना केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी काढली. तीत बर्फाळ प्रदेश सोडून उरलेल्या देशासाठी संदर्भक्षण ठरवला आहे १ मार्च २०२७ चा. म्हणजे पुन्हा ऊसतोडीच्या हंगामातच! नियमाप्रमाणे मोजणीत कोणी वगळला जाता कामा नये. त्यासाठी गावातील कुलूपबंद घर आणि शेकडो किलोमीटर दूर असलेली कोपी, या दोहोंचा मेळ बसायला हवा. राज्य शासनाने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली. अशी वसतिगृहे कोठे आणि किती जागांची हवीत, हे ठरवायलाही आधी मुले मोजावी लागतात, आणि त्यांचा महिना लिहावा लागतो.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग तुमच्या शाळेत सहज होईल. हजेरीपटावरून जूनपासून एप्रिलपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, किंवा त्या दिवशी सुटी असेल तर त्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी, वर्गात किती मुले आणि किती मुली हजर होत्या ते लिहा. कोणाचेही नाव लिहू नका, केवळ संख्या घ्या. आलेखकागदावर आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर हजेरी घ्या. मुलांची रेषा निळ्या शाईने काढा, मुलींची तांबड्या. मग पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा.

(१) रेषा कोणत्या महिन्यात खाली उतरते? कोणत्या महिन्यात वर येते?

(२) मुलांची आणि मुलींची रेषा सारखीच उतरते का? नसेल तर का?

(३) वर्षाची सरासरी हजेरी काढा. तेवढी हजेरी प्रत्यक्षात किती महिने होती?

तुमचे गाव नांदूरघाट असो, आष्टी असो की धारूर असो, प्रत्येक शाळेचा आलेख निराळा येईल. अशा दहा शाळांचे आलेख एकाखाली एक लावले, तर जनगणनेच्या एका आकड्यात न दिसणारा जिल्हा त्यात दिसू लागेल. यापुढे कोणताही आकडा वाचला की त्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या : केव्हा मोजले? कोणाला मोजले? आणि कशाने भागले?